ताई, आषाढात काय काय वाचलंत?

(वाचकांच्या पत्रांना उत्तरं देणारं सदर. उत्तरं देणाऱ्या ताई तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाल्या असून फलटणला राहतात.)

प्रश्न : ताई, नमस्कार. तुम्ही दर महिन्याला आम्हाला पुस्तकं सुचवता, पण स्वतः काय वाचता ते कधी सांगत नाही. गेल्या महिन्यात वाचलेल्या पुस्तकांची यादी द्याल का? जमल्यास प्रत्येकाला पाचपैकी किती तारे, तेही सांगा. मी यंदा ‘एक महिना, एक विषय’ असं वेळापत्रक केलंय. जुलैत आत्मचरित्रं, ऑगस्टमध्ये इतिहास, सप्टेंबरात विज्ञान. बरोबर चाललंय ना?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : तारे देणार नाही, राग मानू नका. सगळी हयात देवघेवीच्या टेबलामागे गेली. परत आलेल्या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर कुणी पेन्सिलीनं ‘भिकार’ लिहायचं, त्याखाली दुसऱ्या अक्षरात ‘अप्रतिम, जरूर वाचा’, आणि त्याखाली तिसरा कुणी त्या दोघांची अक्कल काढायचा. ते खोडत बसणं हे माझ्या नोकरीतलं बिनपगारी काम होतं. आता त्यात माझी भर कशाला?

यादी सांगते. पण ती तुमच्या वेळापत्रकासारखी सरळ येणार नाही, कारण महिना तसा गेलाच नाही.

फलटणचा आषाढ तुमच्या बार्शीसारखाच, नावाला पावसाळा. घाटावर कोसळणारा पाऊस इथे पोचेपर्यंत त्याच्यातला दम गेलेला असतो. वारा सुटतो, ढग घाईघाईनं पुढे निघून जातात, अंगणातली फरशी जेमतेम ओली होते. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ (१९५६) मी दर महिन्याला त्या त्या महिन्याच्या लेखापुरतं उघडते. वर्षात बारा लेख, पुस्तक संपतं, चैत्रात पुन्हा सुरू. यंदा आषाढाचा लेख वाचत होते तेव्हा खिडकीबाहेर धूळ उडत होती. दुर्गाबाईंचा हेवा वाटला आणि पुस्तक मिटून स्वयंपाकघरात गेले.

आषाढ तळायचा असतो. कापण्यांचं प्रमाण बघायला आईची वही काढली, तर त्यात सगळं चिपट्या-निळव्यांच्या जुन्या मापांत आणि पाण्यापुढे ‘लागेल तसं’. शेवटी कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ शेजारी उघडून अंदाज जुळवला. १९७० सालचं हे पुस्तक. वाटी आणि चमचा या मापांवर त्यांनी अख्खा मराठी स्वयंपाक बसवून दाखवला, आणि नव्यानं संसार मांडलेल्या किती मुली त्यावर तरल्या त्याची गणती नाही. मी ‘रुचिरा’ गोष्टीच्या पुस्तकासारखं वाचते. एक विशेषण जास्तीचं नाही. आमच्याकडे येणाऱ्या काही कवींना मी ते वाचायला सांगायचे, ते रागवायचे.

तळण झालं आणि आषाढावरूनच बेबीताई कांबळे आठवल्या. त्या आमच्या फलटणच्या. त्यांचं आत्मकथन ‘जिणं आमुचं’ (१९८६) पुन्हा हातात घेतलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा नोकरीत होते, नवीन पुस्तकांच्या दाखल नोंदी करता करता उभ्या उभ्या चाळलं होतं. तसं वाचायचं ते पुस्तक नव्हे. बेबीताईंनी त्यांच्या आजोळच्या वीरगावातला महारवाडा उभा केलाय, आणि तिथला आषाढ म्हणजे वर्षभराच्या उपासमारीत सुखाचा एकच महिना. घरं सारवायची, न्हाणं-धुणं, देवीची जत्रा, अंगात येणं, रेड्याचा बळी आणि सगळ्या वस्तीला पोटभर मटण. बाकीचे महिने पोट पाठीला. माझ्या कढईतल्या कापण्या आणि त्यांचा आषाढ यांचा महिना एक, तालुके शेजारचे. एवढंच सांगते, पुढचं तुम्ही वाचा.

त्यातली एक जागा मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. महारवाड्यातल्या बाया रानातून सरपणाच्या मोळ्या आणून ब्राह्मण आळीत विकायच्या. घरची बाई लांब उभी राहून अंगणात लाकडं रचून घ्यायची आणि वर बजावायची, की नीट बघ, लाकडाला तुझ्या लुगड्याचा धागा नाही ना अडकलेला, केस नाही ना राहिला. तो एक धागा घरात गेला तर सगळं घर बाटणार. मोळी वाहून आणणारीची मान अवघडलेली, पाय सोललेले, आणि ती वाकून लाकूड न् लाकूड तपासतेय. बेबीताई हे लिहितात तेव्हा आवाज चढवत नाहीत. आणि त्या आपल्या माणसांनाही सोडत नाहीत बरं का. महारवाड्यातल्या सासवा सुनांना कसं छळायच्या, पळून जाणाऱ्या सुनेच्या पायात लाकडाचा खोडा कसा अडकवायचे, तेही त्याच हातानं लिहिलंय. त्यांचं छोटं दुकान होतं. माल बांधायला आणलेल्या रद्दीचे कागद वाचून त्यांची वाचनाची भूक वाढली, आणि स्वतः लिहिलेले कागद त्यांनी वर्षानुवर्षं नवऱ्यापासून लपवून ठेवले. रद्दीवाल्याकडे आपण काय काय टाकून देतो, हा विचार माझा मलाच झोपू देईना.

तो धागा डोक्यात होता म्हणून असेल, कपाटातून ‘स्मृतिचित्रे’ काढलं. लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागानं आलं. ते पुन्हा पुन्हा वाचणारी माणसं घरोघरी असतात, मी त्यांतलीच. लक्ष्मीबाईंचं बालपण नाशिकजवळच्या जलालपूरचं. अठराशे सत्तावन्नच्या धामधुमीत घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला फाशी झाली, आणि त्या धक्क्यानंतर त्यांच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्यानं जे घर केलं ते गेलंच नाही. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुवायची. मीठसुद्धा! आता मीठ धुतल्यावर उरणार काय? लक्ष्मीबाई हे इतकं हसवत सांगतात, की त्या घरातल्या बायकांचे हात सतत पाण्यात भिजलेले असणार, हे आपल्या ध्यानातच येत नाही. आधी मी हसून पुढे जायचे. या खेपेला वीरगावची मोळी नुकतीच वाचलेली होती. म्हणजे एका घरात मीठ धुतलं जातंय आणि एका घराच्या अंगणात कुणीतरी लाकडाला चिकटलेला धागा शोधतंय. एक पुस्तक उंबऱ्याच्या आतून लिहिलेलं, दुसरं अंगणाच्या कडेवरून, आणि दोन्ही बायकांनीच. एरवी अंतराअंतरानं वाचली असती तर या दोन जागा एकमेकींशेजारी बसल्या नसत्या.

त्यांचे यजमान, कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला १९०० मध्ये. मधली पाच वर्षं त्यांनी जी काढली, ते या पुस्तकाचं काळीज आहे असं मला वाटतं. सोवळं एकदम सुटत नाही. कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, कुणाच्या पंगतीला बसायचं, एकेक गाठ त्या स्वतःशी भांडत सोडवतात. ‘त्या काळाच्या मानानं पुरोगामी’ वगैरे शिक्का मारणाऱ्या प्रस्तावना सोडून द्या आणि थेट बाईंचं वाचा.

‘सत्तावन्न’ हा शब्द आला, तशी मी गोडसे भटजींकडे वळले. ‘माझा प्रवास’ माझ्याकडे कित्येक वर्षं होतं, अर्धवट वाचलेलं. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे, डोक्यावर कर्ज, घरात कार्यं निघालेली. मथुरेला ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, एवढं ऐकून १८५७ साली काकाबरोबर पायी उत्तरेला निघाले आणि नेमके बंडात सापडले. ही सुरुवातच अशी आहे, की कादंबरीकारानं रचली असती तर आपण म्हटलं असतं, फारच जुळवून आणलंय.

१८५८ साली इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा भटजी शहरात होते. लुटीचं वर्णन त्यांनी एखाद्या हिशेबनीसासारखं केलंय. आधी सोनंनाणं, मग भांडीकुंडी, कपडे, धान्य, असं लुटीचं जणू वेळापत्रकच. आणि त्यात राजवाड्यातला ग्रंथसंग्रह गेला. इथे मात्र मी पुस्तक खाली ठेवलं. मी सबंध आयुष्य दाखल नोंदीच्या वह्या लिहिल्या. एक पुस्तक हरवलं तरी आमच्याकडे कार्यकारी मंडळात चर्चा व्हायची, सभासदाच्या अनामत रकमेतून वजावट करायची की नाही यावर. तिथे पिढ्यान्‌पिढ्या जमवलेल्या पोथ्या मातीत गेल्या, आणि तिथे काय काय होतं त्याची यादी आपल्यापर्यंत आली नाही. एका भिक्षुकानं चार ओळींत हळहळ नोंदवली म्हणून निदान तो होता हे तरी कळलं. राणीच्या तलवारीवर आपण इतकं लिहिलं, त्या संग्रहावर कुणी पोवाडा नाही रचला.

राणीबद्दल म्हणाल तर भटजींनी तिला तलवारीशिवाय पाहिलंय. झाशी पडल्यानंतर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी गाठ पडते. ती धुळीनं माखलेली, तहानेनं व्याकूळ. भटजी पाणी काढायला पुढे होतात, तर ती म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी पाणी काढू नका, मीच काढते. आणि मडकं विहिरीत सोडते. राज्य गेलेलं, मागावर पलटण, आणि त्या घटकेलाही कुणी कुणासाठी पाणी काढायचं याचा रिवाज सुटत नाही. मीठ, मोळी आणि हे मडकं! मी काही ठरवून सोवळ्या-ओवळ्यावरची पुस्तकं काढली नव्हती. कापण्यांच्या प्रमाणावरून निघाले आणि इथे पोचले.

म्हणून तुमच्या वेळापत्रकाबद्दल. चालू द्या, शिस्त वाईट नाही. पण वर्गीकरण हे आम्हा ग्रंथपालांच्या सोयीसाठी असतं. ड्युईच्या दशांश पद्धतीत स्वयंपाक ६४१.५ ला, मराठी साहित्य ८९१.४६ ला, भारताचा इतिहास ९५४ ला. आमच्या ग्रंथालयात यांची कपाटं तीन वेगळ्या भिंतींना होती. कपाटं कुठे लावायची ते आम्ही ठरवतो, तुम्ही कुठून कुठे जायचं ते आम्ही कशाला ठरवायचं? जुलैत आत्मचरित्र वाचताना एखादं बंड समोर आलं तर त्याला ‘ऑगस्टात ये’ म्हणून परत पाठवू नका.

प्रश्न : ‘माझा प्रवास’च्या निरनिराळ्या प्रती बाजारात दिसतात. कुठली घ्यावी? भाषा फार जुनी आहे का? आमच्या भिशीतल्या मैत्रिणींना मिळून वाचायचंय.
– एक गृहिणी, मिरज

उत्तर : हे पत्र वरच्या पत्राच्या आधीच येऊन पडलं होतं, योग बघा.

पुस्तकाची कुंडली थोडक्यात अशी. भटजींनी हे लिहिलं ते इतिहासकार चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून. वैद्यांनी ते १९०७ साली छापलं, पण आपल्या हातानं भाषा घासूनपुसून, काही गाळून, काही सावरून. काळ इंग्रजांचा होता, त्यांचंही बरोबर असेल. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी आवृत्ती काढली ती १९६६ मध्ये. आता मिळणाऱ्या प्रतींपैकी काही वैद्यांच्या पाठावरून आहेत, काही मूळ पाठावरून. विकत घेताना प्रस्तावना उघडून बघा, कुठला पाठ घेतलाय ते संपादकानं लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर ते पुस्तक परत ठेवा.

भिशीत वाचायचं असेल तर मूळ पाठच घ्या. वाक्यं लांब आहेत, विरामचिन्हं आपल्या सवयीची नाहीत, तेव्हा डोळ्यांनी वाचताना अडखळायला होतं. मोठ्यानं वाचलं की सगळं सुटतं, कारण तो माणूस बोलतोय. जेवण कुठे बरं मिळालं, दक्षिणा किती पडली, कुठल्या गावचे लोक कसे, हे तो अगदी ओसरीवर बसून सांगावं तसं सांगतो. पैशाचा उल्लेख आला की त्याची लेखणी विशेष खुलते. जे मिळवलं ते वाटेत लुटलं गेलं, पुन्हा मिळवलं, पुन्हा गेलं. शेवटी आईवडिलांसाठी गंगेची कावड तेवढी खांद्यावरून घरी आणली. तुमच्यातल्या ज्या मैत्रिणीला इतिहासाचा कंटाळा आहे तिलाच आधी वाचायला बसवा.

प्रश्न : एका वेळी तीन-चार पुस्तकं वाचली तर डोक्यात गोंधळ होत नाही का?
– एक विद्यार्थी, परभणी

उत्तर : तू एका दिवसात गणित, भूगोल आणि मोबाइल तिन्ही करतोस ना? तसंच. फक्त दोन जाडजूड कादंबऱ्या एका वेळी नकोत, पात्रं एकमेकांच्या घरात शिरतात.

प्रश्न : अरुण कोलटकरांची ‘भिजकी वही’ मुलीनं वाढदिवसाला दिली. चाळीसेक पानं वाचली आणि बंद केली. कविता कळत नाहीत असं नाही, पण जड जातात. सगळीकडे रडणंच आहे. काय करावं?
– निवृत्त शिक्षक, जळगाव

उत्तर : सर, बंद केलीत ते योग्यच केलंत. ती चाळीस पानं एका बैठकीत वाचायची नाहीत. ते पुस्तक मी आषाढभर उशाशी ठेवलं होतं, रोज एक कविता, फार तर दोन. बाकीची पुस्तकं आली नि गेली, हे तिथेच होतं आणि अजून आहे.

रडणं आहे हे खरं. जगभरातल्या, हजारो वर्षांतल्या बायकांचे अश्रू एका वहीत गोळा करायचे हाच तर त्या पुस्तकाचा घाट. प्राचीन ग्रंथालयासाठी प्रसिद्ध अलेक्झांड्रियाची विदुषी हायपेशिया आहे, व्हिएतनाममध्ये नापामनं भाजलेली, रस्त्यानं उघडी पळत सुटलेली ती फोटोतली किम आहे. मुलगी अशी पुस्तकं वाढदिवसाला देते म्हणजे तिला तुमच्याबद्दल चांगलाच भरवसा आहे. एक करून बघा. कवितेच्या नावावरून ती बाई कोण ते आधी शोधा, मोबाइलवर मिळतं, आणि मग कविता वाचा. कोलटकर माहिती सांगत बसत नाहीत, ते तुम्हाला माहीत आहे असं धरूनच सुरू करतात. माहिती नसेल तर रडणं तेवढं ऐकू येतं. माहिती असेल तर त्यांचा खवचटपणाही दिसायला लागतो, आणि तो भरपूर आहे.

पुस्तक २००३ चं. कोलटकर पुढच्याच वर्षी गेले. साहित्य अकादमीचा पुरस्कार या पुस्तकाला त्यांच्या मागे मिळाला.

मी हायपेशियापाशी आले ती नेमकी झाशीच्या पोथ्यांनंतर. त्या रात्री दुसरं काही वाचलं नाही.

प्रश्न : मावशी, आम्ही बारा वर्षं सिंगापूरला आहोत. मुलगा दहा वर्षांचा, घरात छान मराठी बोलतो, पण वाचायचं म्हटलं की पळतो. इंग्रजी जाडजाड पुस्तकं मात्र फस्त करतो. बोधकथा, संतचरित्रं, सगळं आणून झालं.
– एक आई, सिंगापूर

उत्तर : तो पळतो त्यात त्याची चूक नाही गं. इंग्रजीत त्याला जादूगार नि ड्रॅगन मिळतायत आणि मराठीत प्रत्येक गोष्टीच्या शेवटी ‘तात्पर्य’. मी दहा वर्षांची असते तर मीही पळाले असते.

भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ मागव. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आलेला, हाडं मोजून घ्यावीत असा किडकिडीत, आणि सायकलवर बसला की कुणाच्या बापाला सापडायचा नाही. अक्कल चालली की तोंडानं ‘ट्टॉक्’ असा आवाज काढतो. माझा नातू पुण्यात इंग्रजी माध्यमात आहे, त्याचं तुझ्या मुलासारखंच होतं. या महिन्यात मी त्याला रात्री व्हिडिओ कॉलवर फेणे वाचून दाखवला. युक्ती सांगते ती नीट ऐक. फेणे संकटात सापडला, दार बाहेरून बंद झालं, कुणाची तरी पावलं वाजली, की तिथेच थांबायचं. ‘आजीला झोप आली’ म्हणायचं आणि फोन ठेवायचा. पुस्तकाची एक प्रत त्याच्या उशाशी असली पाहिजे, हे मात्र आधीच बघून ठेवायचं. आमच्याकडे आठवडाभर काही झालं नाही. मग एका सकाळी सुनेचा फोन, की हा अंथरुणात बसून बोट ठेवून ठेवून वाचतोय आणि जोडाक्षरापाशी मला हाका मारतोय.

बोट ठेवून वाचतो म्हणून हसायचं नाही. उच्चार सुधारायचे नाहीत. आणि ‘बघ, मराठी किती गोड भाषा आहे’ असलं भाषण तर अजिबात द्यायचं नाही, नाहीतर फेणेही हातचा जाईल. संतचरित्रं कपाटात राहू देत. पंधराव्या-सोळाव्या वर्षी त्याची तो काढेल किंवा नाही काढणार.

एक अडचण येईल. पुस्तकं जुन्या काळातली आहेत, त्यात ट्रंककॉल आहे, तार आहे. मुलं विचारतात. सांगायचं. माझ्या नातवाला तार ही कल्पना फेणेपेक्षा जास्त आवडली. प्रत्येक शब्दाला पैसे पडायचे म्हटल्यावर तो दिवसभर आईशी तारेच्या भाषेत बोलत होता.

प्रश्न : पुस्तक अर्ध्यात सोडलं की मला अपराधी वाटतं. तुम्ही सोडता का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सोडते. याच महिन्यात एक सोडलं. सातशेच्या वर पानं, ऐतिहासिक कादंबरी, नाव सांगत नाही कारण लेखक हयात आहेत आणि चिडके आहेत. पहिल्या दोनशे पानांत प्रत्येक माणूस ‘गर्जला’ किंवा ‘वदला’. साधं कुणी बोललंच नाही. गोडसे भटजी नुकतेच वाचलेले असताना ते सहन होणं शक्य नव्हतं. भटजींच्या पुस्तकात तोफा सुरू असतानाही माणसं भूक लागली म्हणतात. तुम्ही लोकलमध्ये वाचत असणार. ठाण्यापर्यंत पकड घेतली नाही तर दादरला उतरताना पिशवीत टाका, घरी जाऊन ग्रंथालयाला परत करा. विलंब शुल्क भरून ते घरात ठेवण्यात कसलं पुण्य आहे?

प्रश्न : ताई, एका पुस्तकाचं नाव हवंय. माझ्या माहेरी होतं, मुखपृष्ठ फाटलेलं, पहिली पानं गेलेली, त्यामुळे नाव कधी कळलंच नाही. लहानपणी किती वेळा वाचलं असेल. जंगलातलं घर, आई-वडील आणि एकुलता मुलगा. वडिलांना साप चावतो, तेव्हा ते तिथल्या तिथे एक हरिणी मारतात. मग तिचं पोर तो मुलगा घरी आणतो. एक मोठं अस्वलही होतं. माहेरचं घर मोडलं, पुस्तकं कुठे गेली कळलं नाही. आता मला ते परत वाचायचंय.
– एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : ‘पाडस’. तुमचं पत्र वाचताना ‘साप’ शब्दापाशी आले आणि उठून कपाटाकडेच गेले. महिन्याचं शेवटचं पुस्तक तेच झालं, म्हणजे वरच्या बार्शीकर वाचकांच्या यादीत हेही धरायचं.

मूळ पुस्तक मार्जोरी रॉलिंग्ज यांचं, १९३८ सालचं, अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या झाडझुडपांच्या मुलखातलं. पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर पुरस्कार मिळाला. मराठीत आणलं राम पटवर्धनांनी, ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक होते ते. इतरांच्या लिखाणावर आयुष्यभर पेन्सिल चालवलेल्या माणसाचा हा अनुवाद. त्यात एक वाक्य असं सापडत नाही, जिथे आपल्याला इंग्रजी खाली पडलेलं दिसावं.

तुमची आठवण पक्की आहे. मुलगा ज्योडी, वडील पेनी, पाडसाचं नाव फ्लॅग. पेनीला विषारी साप चावतो, आणि तो हरिणी मारतो ती मांसासाठी नव्हे. तिचं ताजं काळीज कापून जखमेवर दाबतो, विष ओढून घ्यायला. लहानपणी हे आपल्याला भयंकर वाटतं, पण पटतं, कारण बाप जगला पाहिजे. मग ज्योडी हट्ट धरतो, की आपण तिच्या जिवावर वाचलो, तिचं पोर रानात मरायला कसं सोडायचं? इथून पुढची सगळी गोष्ट या प्रश्नाच्या पोटातून निघते. लहानपणी मी ज्योडीच्या बाजूनं वाचायचे आणि त्याच्या आईवर चिडायचे, किती ती करवादते म्हणून. या खेपेला आईचं म्हणणं जास्त ऐकू आलं. आधीची मुलं गमावलेली बाई, फडताळात उरलेलं धान्य मोजणारी. पाडूस वाढतं, शेतातली कोवळी रोपं खातं, कुंपण उंच केलं तरी उडी मारतं. ते धान्य गेलं तर हिवाळ्यात घर खाणार काय? ज्योडी कुंपण घालत असतो ती पानं मी फार सावकाश वाचली.

पुस्तक अजून छापलं जातं, दुकानात मिळेल. पण तुम्हाला माहेरच्यासारखीच प्रत हवी असेल तर चंद्रपुरातल्या एखाद्या जुन्या सार्वजनिक ग्रंथालयात जा आणि अनुवादित कादंबऱ्यांचं कपाट कुठलं ते विचारा. कपाटात नसेल तर ‘बांधणीला गेलंय का’ असंही विचारा. हे पुस्तक सतत फिरतं, त्यामुळे त्याचा अर्धा जन्म बाइंडरकडेच जातो. तिथेही नसेल तर मागणी वहीत नाव लिहून या. ती वही ठेवलेली असते, फक्त कुणी मागत नाही म्हणून ती टेबलाच्या खणात असते.